वाचकांचे प्रश्न : उचल, किलोचा दर आणि बोटीवरचा अपघात

या वेळी आलेली बहुतेक पत्रं काजू कारखाने, मासेमारी बोटी, आंबा बागा आणि चिरेखाणी इथल्या कामगारांची आहेत. उत्तरांआधी एक सांगणं गरजेचं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या : वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षितता. एकोणतीस जुने कायदे त्यांत सामावले गेले. त्यामुळे ‘तो कायदा आता राहिला नाही’ असं सांगून माणसाला परत पाठवण्याचे प्रकार घडू शकतात. किमान वेतन, अपघाताची भरपाई, ग्रॅच्युइटी, पीएफ यांतला एकही हक्क रद्द झालेला नाही. अर्जात कलम नाही लिहिलंत तरी चालेल. कोणाकडे काम केलं, कधीपासून कधीपर्यंत, काय ठरलं होतं आणि किती मिळालं, एवढं मात्र नेमकं लिहा.

प्रश्न : आम्ही बायका काजू कारखान्यात गर सोलतो. मजुरी किलोवर मिळते. पावसाळ्यात साल सुटत नाही, दिवसभर बसून आठ-नऊ किलोच होतात. तुकडा झाला तर पैसे कापतात. ‘तुम्ही पगारावर नाही, किमान वेतन तुम्हाला नाही,’ असं मालक सांगतात. खरं आहे का?
— काजू कारखान्यातील कामगार, वेंगुर्ले तालुका

नाही. किलोवर, नगावर, डझनावर काम करणाऱ्यालाही किमान वेतन लागू आहे. ज्या कामासाठी सरकारने दिवसाचा किमान दर ठरवला आहे, ते काम मालकाने किलोवर करून घेतलं तरी पूर्ण दिवस भरणाऱ्या बाईच्या हातात दिवसाच्या किमान दरापेक्षा कमी पैसे पडता कामा नयेत. कामगार किती आहेत याचीही अट नाही.

हिशेब असा करा. कारखान्याला लागू असलेला दिवसाचा दर ४८० रुपये आहे असं धरू (तुमचा खरा दर कामगार कार्यालयातून लेखी घ्या, तो परिमंडळ आणि कुशल-अकुशल वर्गवारीनुसार बदलतो, आणि त्यातला विशेष भत्ता जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा सुधारतो). किलोला ३० रुपये दराने ९ किलोचे २७० झाले. म्हणजे दिवसाला २१० रुपये कमी पडले. महिन्याचे २६ दिवस भरले तर ५,४६० रुपये. ही रक्कम मालकाकडून येणं आहे.

साल न सुटण्याचं कारण बहुतेक वेळा सोलणारीच्या हातात नसतं. गर नीट वाळला नसेल, भट्टीतून पुरेसा तापून आला नसेल, किंवा दमट हवेत उघडा राहून पुन्हा ओल धरली असेल, तर साल चिकटून बसते आणि जोर लावला की गर फुटतो. म्हणूनच तुकड्याची कपात सरसकट लावता येत नाही. नुकसान त्या कामगाराच्याच हलगर्जीपणाने झालं असं दिसलं पाहिजे आणि कापण्याआधी तिला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. कपातीचा ढीग किती मोठा होऊ शकतो यालाही मर्यादा आहे : सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ शकत नाहीत. हातमोजे आणि हाताला लावायचं तेल हे कारखान्याने पुरवायचं असतं. टरफलाच्या तेलाने कातडी जळते हे माहीत असूनही त्याचे पैसे बायकांकडून घेतले जात असतील तर तेही तक्रारीत लिहा.

आता पुरावा. अशा तक्रारी बहुतेक एकाच ठिकाणी अडकतात. मालकाच्या वहीत फक्त किलो लिहिलेले असतात, वेळ नसते. चौकशी आली की तो म्हणतो, ‘ही बाई अर्धा दिवसच यायची, म्हणून किलो कमी.’ पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची असते, पण तुम्ही किती दिवस आणि किती तास बसलात हे तुमच्याकडून यायला हवं. म्हणून आजपासून प्रत्येकीने स्वतःची वही ठेवा. रोजची तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, घेतलेला माल, सोलून दिलेला माल, तुकडा, मिळालेले पैसे. वही एकटीची असू दे, सगळ्यांची मिळून एक नको, कारण एक वही हरवली की सगळ्यांचा दावा बुडतो. वजनाची चिठ्ठी मिळत असेल तर रोज मोबाइलवर तिचा फोटो काढा. दोन-तीन महिन्यांच्या अशा वह्या एकमेकींशी जुळल्या की त्यांना वजन येतं.

अर्ज जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात द्यायचा. एकाच कारखान्यातल्या कितीही जणी मिळून एकच अर्ज करू शकतात. तसंच करा, म्हणजे एकटीला कामावरून काढण्याचा दबाव कमी होतो. मागच्या तीन वर्षांपर्यंतची थकबाकी मागता येते, आणि कमी दिलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार दाव्याचा निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं धरलं जातं.

प्रश्न : माझे यजमान (वय ३५) मासेमारी बोटीवर खलाशी आहेत. महिना १८,००० आणि वर जेवण. जाळं ओढताना विंचमध्ये हात अडकून उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालकांनी दवाखान्याचे ६०,००० भरले. आता स्टॅम्प पेपरवर ‘माझा पूर्ण हिशेब मिळाला, पुढे काही मागणी नाही’ अशी सही मागत आहेत. करावी का?
— हर्णै, तालुका दापोली

सही करू नका. आधीच केली असेल तरी घाबरू नका : अपघाताच्या भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक आहे. तडजोड करायचीच असेल तर ती भरपाईचा निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे नोंदवावी लागते आणि रक्कम अपुरी वाटली तर तो ती नाकारू शकतो.

बोटीच्या कर्मचाऱ्यांपैकी कोणीही कामावर असताना जखमी झाला तर मालक भरपाई देणं लागतो, त्याची चूक असो वा नसो. रक्कम मालकाच्या मर्जीवर नाही, सूत्रावर ठरते. पगार १८,००० असला तरी हिशेबासाठी सध्या १५,००० च धरले जातात. त्याच्या ६० टक्के म्हणजे ९,०००. पस्तिशीच्या वयाला कायद्याच्या तक्त्यात १९७.०६ हा गुणक आहे. गुणाकार १७,७३,५४० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व असतं तर एवढी रक्कम मिळाली असती. एका हाताची दोन बोटं जाणं म्हणजे कमाईच्या क्षमतेत २० टक्के घट, असं परिशिष्टातच लिहिलेलं आहे. त्याचे २० टक्के, ३,५४,७०८ रुपये. (अंगठा गेला तर ३० टक्के, तीन बोटं ३०, चार बोटं ५०.) पगाराची रक्कम किंवा वय वेगळं असेल तर आकडा बदलेल, पद्धत हीच.

दवाखान्याचे ६०,००० यातून वजा होत नाहीत. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो. तेव्हा ‘एवढं केलं ना तुमच्यासाठी’ या वाक्यापुढे मान खाली घालायचं कारण नाही.

अपघातानंतर एका महिन्यात रक्कम दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला रास्त कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करायचा. तुमच्या जिल्ह्यात तो कोणापुढे चालतो हे कामगार कार्यालय किंवा न्यायालयातली विधी सेवा समिती सांगेल.

अशा दाव्यात मालक सहसा तीन गोष्टी म्हणतो. पहिली, ‘हा माझ्या बोटीवर नव्हताच.’ त्यासाठी बोटीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) रंगवलेला नोंदणी क्रमांक लिहून ठेवा, बंदरातून सुटताना दिलेल्या खलाशांच्या नावांची नोंद माहिती अधिकारात मागा, यूपीआयने किंवा बँकेत आलेल्या पगाराचे उतारे काढा, त्या फेरीतल्या दोन खलाशांची नावं आणि घरचे पत्ते घ्या. हंगाम संपला की ही माणसं आपापल्या गावी पांगतात आणि १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात ती सापडत नाहीत. हे काम आत्ता करा. दुसरी, ‘तो पगारावर नव्हता, वाट्यावर होता, म्हणजे भागीदार.’ तुमच्या बाबतीत महिन्याचा आकडा ठरलेला आहे, तो दाखवा. तिसरी, ‘तो प्यायलेला होता.’ हे कारण मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात चालत नाही, पण बोटं गेल्यासारख्या अंशतः अपंगत्वात चालू शकतं. म्हणून पहिल्या दवाखान्यातला केस पेपर जपा. त्यावर दाखल झाल्याची वेळ, अपघात कसा झाला आणि रुग्णाची स्थिती लिहिलेली असते. ‘घरी पडला’ असं कोणी लिहवून घेतलं असेल तर त्याच डॉक्टरांकडे लगेच लेखी दुरुस्ती मागा.

मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेच्या अपघात विम्यात त्यांचं नाव आहे का तेही पाहा. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला २.५ लाख आणि दवाखान्यासाठी २५,००० अशी त्यात तरतूद आहे. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जाणारी सुरक्षा विमा योजना दोन बोटांसाठी उपयोगी नाही. तिथे किमान एक हात, एक पाय किंवा एक डोळा जावा लागतो. विम्याचे पैसे आले म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही.

याच विषयात एक गोष्ट सगळ्या खलाशांच्या घरी माहीत असायला हवी. खलाशी दगावला तर भरपाईची रक्कम मालकाने संबंधित अधिकाऱ्याकडे जमा करायची असते, घरच्यांच्या हातात नाही. तेराव्याला पाकिटातून दिलेले पन्नास हजार कायद्याच्या हिशेबात भरपाई ठरत नाहीत. दुःखात असलेल्या घराला थोडक्यात गुंडाळलं जाऊ नये म्हणूनच ही तरतूद आहे.

प्रश्न : शेजारच्या हापूसच्या बागेत राखणीला नेपाळी जोडपं आहे. त्यांनी हंगामाआधी ४०,००० उचल घेतली होती. आता नवरा आजारी आहे, त्यांना गावी जायचं आहे. बागायतदाराने दोघांची ओळखपत्रं ठेवून घेतली आहेत, ‘उचल फिटल्याशिवाय हलायचं नाही’ म्हणतो. ते परदेशी, त्यांना आपला कायदा लागतो का?
— देवगड तालुका

लागतो. वेठबिगारीला बंदी करणारं संविधानाचं कलम २३ नागरिकांपुरतं नाही, इथे असलेल्या प्रत्येक माणसासाठी आहे. शिवाय १९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार नेपाळी माणूस इथे राहू आणि काम करू शकतो, तेव्हा ‘पोलिसांत दिलं तर तुम्हालाच हाकलतील’ ही धमकी पोकळ आहे.

उचल म्हणजे उसने पैसे. ते वसूल करायचा मार्ग दिवाणी दाव्याचा किंवा पगारातून हप्त्याने कापण्याचा आहे. पैसे फिटेपर्यंत माणसाला जागेवर अडकवून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या कायद्यात असं कर्जच रद्द ठरतं, आणि ‘हे वेठबिगारीचं कर्ज नव्हतं’ हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीतल्या एशियाड बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करायला लावणंही सक्तीची मजुरी ठरवलं आहे. दुसऱ्याचं ओळखपत्र अडकवून ठेवायचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही.

तुम्ही शेजारी आहात, तुम्हीही तक्रार करू शकता. ती प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि तहसीलदारांना प्रत द्या. बागेची जागा, माणसं किती, कधीपासून, उचल किती आणि ओळखपत्रं कोणाकडे, एवढं पुरे. चौकशीत वेठबिगारी ठरली तर त्यांना मुक्ती प्रमाणपत्र आणि ३०,००० पर्यंत तातडीची मदत मिळते. आजारपण गंभीर असेल तर वाट पाहू नका, ११२ वर फोन करा.

आणि हिशेब मांडूनच पाहा. बहुतेक बागांत पगार नवऱ्याच्या नावाने ठरतो आणि बायकोचं काम त्यातच धरलं जातं. ती आंबे वेचते, प्रतवारी करते, पेट्या भरते, रात्री राखण करते, पण तिच्या नावाने एक रुपया लागत नाही. तिचा पगार वेगळा आहे. दोघांचे किमान दराने तीन महिने धरले तरी ४०,००० ची उचल केव्हाच फिटलेली निघते आणि देणं उलट बागायतदाराकडे उरतं. नोकरी सुटली की पगाराचा उरलेला हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो.

घळ (आंबे काढायची काठी) घेऊन झाडावर चढणारा पडला किंवा लोखंडी दांडा विजेच्या तारेला लागला, तर बागायतीचं कामही अपघात भरपाईत येतं. वर खलाशासाठी मांडलेला हिशेब तिथेही चालतो. कामगार चार दिवसांपुरता होता हे कारण चालत नाही.

प्रश्न : चिरेखाणीवर दोन वर्षं काम केलं. नगावर मजुरी. मुकादमाने तीन महिन्यांचे पैसे बुडवले. कामगार कार्यालयात गेलो तर ‘खाण आमच्याकडे येत नाही’ म्हणाले. मग जायचं कुठे?
— राजापूर तालुका

त्यांनी सांगितलं ते बरोबर आहे, फक्त पुढचा पत्ता द्यायला हवा होता. खाणीतल्या वेतनाचा विषय केंद्र सरकारकडे आहे, आणि केंद्राच्या किमान वेतनाच्या यादीत लॅटराइट या नावाने जांभ्याच्या खाणी आहेत. तुमची तक्रार सहायक कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्याकडे जाते. घरबसल्या केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या ‘समाधान’ पोर्टलवरही नोंदवता येते. केंद्राचा दर वेगळा असतो, त्यातला महागाई भत्ता १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो. तुमचा हिशेब त्या दराने करा. नगावरच्या मजुरीला काजूवाल्या उत्तरात सांगितलेला नियम जसाच्या तसा लागू आहे.

मुकादम पळाला म्हणून पैसे बुडत नाहीत. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची असते. अडचण एवढीच की खाण नक्की कोणाची हे मजुराला बहुधा माहीत नसतं. जमीन एकाची, गौण खनिजाचा परवाना दुसऱ्याच्या नावावर, मशीन तिसऱ्याचं. तहसील कार्यालयात दहा रुपयांचा माहिती अर्ज द्या : अमुक गावच्या अमुक गट नंबरमध्ये अमुक काळात जांभा उत्खननाचा परवाना कोणाला होता. उत्तरात आलेलं नाव तक्रारीत मूळ मालक म्हणून लिहा, मुकादमाचं नाव ठेकेदार म्हणून. चिरे भरून गेलेल्या ट्रकांच्या तारखा आणि तुम्ही काढलेले नग जेवढे आठवतात तेवढे लिहून काढा.

खाण सहा मीटरपेक्षा खोल गेली असेल, पन्नासपेक्षा जास्त माणसं असतील किंवा सुरुंग लावत असतील, तर तिला खाण सुरक्षेचे पूर्ण नियम लागतात. उभी कापलेली भिंत पावसात सुटते हे तिथे काम करणाऱ्याला सांगायला नको. ती तक्रार खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, पैशाच्या तक्रारीपासून वेगळी करा. दोन्ही एकाच कागदावर लिहिल्या की दोन्ही रेंगाळतात.

प्रश्न : एका मोठ्या दुकानात ११ वर्षं ८ महिने नोकरी केली. पगार २०,०००, पण स्लिपवर मूळ पगार ६,००० आणि महागाई भत्ता २,०००, बाकी सगळे भत्ते. नुकताच राजीनामा दिला. ग्रॅच्युइटी किती?
— चिपळूण

दुकानात दहा किंवा जास्त माणसं असतील, किंवा पूर्वी कधी दहा होती आणि आता कमी झाली असतील, तरी ग्रॅच्युइटी लागू आहे. शेवटचे आठ महिने सहा महिन्यांपेक्षा जास्त आहेत, म्हणून पूर्ण वर्ष धरायचं. एकूण १२ वर्षं.

सूत्र : वेतन × १५ ÷ २६ × वर्षं. जुन्या पद्धतीने मूळ आणि महागाई भत्ता मिळून ८,००० धरले असते, म्हणजे ५५,३८५ रुपये. नव्या संहितेत वेतनातून वगळायचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरची रक्कम वेतनात मिळवायची. तुमचे भत्ते १२,०००, निम्मे म्हणजे १०,०००, वरचे २,००० मिळवले की वेतन १०,००० होतं. ग्रॅच्युइटी ६९,२३१ रुपये. नोकरी २१ नोव्हेंबर २०२५ नंतर सुटलेली असल्यामुळे हा दुसरा हिशेब मागा. मालकाला लेखी अर्ज तीस दिवसांत द्यायचा. उशीर झाला तरी हक्क जात नाही. रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळाली पाहिजे, नाहीतर व्याज.

आंबा कॅनिंगमध्ये दर वर्षी हंगामापुरतं जाणाऱ्यांनीही हे वाचावं. हंगामी कारखान्यात प्रत्येक हंगामामागे सात दिवसांच्या वेतनाएवढी ग्रॅच्युइटी असते, आणि कारखाना जितके दिवस चालला त्यातले पाऊणपट दिवस तुम्ही कामावर असलात तर तो हंगाम भरला. एप्रिल ते जूनच्या हजेरीच्या चिठ्ठ्या फेकू नका. ठरावीक मुदतीच्या लेखी कराराने नेमलेल्याला आता एका वर्षानंतरही मुदतीच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते.

प्रश्न : लोट्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहे. स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो, पासबुकात आठ महिने काहीच नाही.
— खेड

कापून घेऊन न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. आठही स्लिपा आणि पासबुकाचं पान जोडून पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. तुमचा यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक), ठेकेदाराचा आस्थापना क्रमांक आणि मूळ कंपनीचं नाव तिन्ही लिहा. ठेकेदाराने भरला नाही तर पीएफ मूळ कंपनीला भरावा लागतो, म्हणून तक्रारीची प्रत कंपनीच्या एचआरला ईमेलने पाठवा. बऱ्याचदा तिथूनच काम होतं, कारण ठेकेदाराचं बिल कंपनीच्या हातात असतं. त्याआधी एक तपासा : नावातलं एखादं अक्षर आधारशी जुळत नसल्याने दुसराच यूएएन उघडला गेला आहे का. असेल तर पैसे तिथे पडून असतात.

प्रश्न : समुद्रकिनाऱ्यावरच्या होमस्टेमध्ये आम्ही चौघी काम करतो. मालकाचा भाऊ अंगचटीला येतो. समिती वगैरे इथे काही नाही. तक्रार कुठे?
— मालवण तालुका

दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. घरकामाला जाणाऱ्या बायकांनाही तीच. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तिचा पत्ता मिळतो, तालुक्यातही तक्रार स्वीकारणारा अधिकारी नेमलेला असतो; ऑनलाइन ‘शी-बॉक्स’वरही देता येते.

शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्या. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. प्रत्येक प्रसंग वेगळा लिहा : तारीख, वेळ, जागा, तो काय बोलला किंवा त्याने काय केलं, जवळ कोण होतं, नंतर तुम्ही कोणाला सांगितलं. मैत्रिणीला त्याच रात्री पाठवलेला व्हॉट्सॲप संदेशही उपयोगी पडतो, तो पुसू नका. चौघींना त्रास झाला असेल तर चौघींनी वेगवेगळ्या तक्रारी द्या, नाहीतर एकीने माघार घेतली की प्रकरण सैल पडतं.

चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. तोपर्यंत तीन महिन्यांपर्यंतची रजा समितीकडे मागता येते. तक्रारदाराचं नाव छापणं किंवा गावात पसरवणं कायद्याने मना आहे. मालकाचा भाऊ पगारी नोकर नाही, म्हणून समितीला त्याच्यावर अधिकार नाही, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. त्रास कामाच्या जागी झाला आहे, तेवढं पुरतं. अंगाला हात लावणं हा गुन्हाही आहे. पोलिसांत स्वतंत्र तक्रार करता येते आणि त्यासाठी समितीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्न : हे सगळं करायचं तर वकील लागेल. दिवसाला पाचशे मिळवणाऱ्याने फी कुठून द्यायची?
— गुहागर

स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. तालुका न्यायालयाच्या इमारतीत विधी सेवा समिती बसते, तिथे साध्या कागदावर अर्ज द्या. फोनवर १५१०० हा क्रमांक आहे. जाताना आधार कार्ड, हजेरीची वही किंवा तिचे फोटो, बँकेचा वर्षभराचा उतारा, कामाच्या जागेचा पत्ता आणि सोबत काम केलेल्या दोघांची नावं न्या. मालकाचं पूर्ण नाव माहीत नसेल तर दुकानाच्या पाटीचा, गेटवरच्या फलकाचा किंवा बोटीच्या क्रमांकाचा फोटो चालतो. मिळालेल्या वकिलाने पैसे मागितले तर त्याच समितीच्या सचिवांकडे लेखी कळवा, दुसरा वकील दिला जातो.